जिवाणूंना वाढायला ऊर्जा कुठून मिळते? आणि त्याचा तुमच्या औषधांशी काय संबंध?

टीबीची औषधे सुरू झाली की पहिल्या महिन्याभरातच बऱ्याच रुग्णांना बरे वाटू लागते. ताप जातो, भूक लागते, खोकला कमी होतो. मग घरात प्रश्न निघतो, "आता बरं वाटतंय, तर अजून पाच महिने गोळ्या कशाला?" दुसऱ्या एखाद्या घरात लघवीच्या रिपोर्टवर 'नायट्राइट पॉझिटिव्ह' असे वाचून सगळे घाबरलेले असतात. तिसऱ्या घरातले नातेवाईक ब्लड कल्चरच्या रिपोर्टला इतके दिवस का लागतात म्हणून वैतागलेले असतात.

वरवर पाहता हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पण तिन्हींचे उत्तर एकाच गोष्टीत दडलेले आहे. जिवाणू ऊर्जा कशी मिळवतात आणि त्या ऊर्जेवर किती वेगाने वाढतात, हे कळले की रिपोर्टही समजतो आणि औषध किती दिवस घ्यायचे हेही पटते. ते या लेखात सोप्या शब्दांत पाहू.

जिवाणू खातात कसे?

जिवाणू म्हणजे एकाच पेशीचा सजीव. मिलिमीटरच्या साधारण हजाराव्या भागाइतका. त्याला तोंड नाही, पोट नाही. साखर, अमिनो आम्ले, क्षार असे लहान कण तो थेट आपल्या आवरणातून आत ओढून घेतो. स्टार्च किंवा प्रथिनांसारखा मोठा घास असेल, तर तो आधी पाचक रस बाहेर सोडतो, त्याचे तुकडे करतो आणि मग आत घेतो.

आत आलेले अन्न लगेच कामाला येत नाही. खिशात पाचशेची नोट असली तरी रिक्षावाल्याला द्यायला सुटे पैसेच लागतात, तसेच हे आहे. साखर ही मोठी नोट, आणि पेशीतले सुटे पैसे म्हणजे 'एटीपी' नावाचा रेणू. जिवाणू असो की माणूस, पेशीतल्या बहुतेक कामांचे पैसे एटीपीतच चुकते होतात. प्रश्न एवढाच, की नोट मोडायची कशी? जिवाणूंकडे त्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत.

ऊर्जा मिळवण्याच्या तीन पद्धती

*१. ऑक्सिजन वापरून.* यात साखरेचे शेवटपर्यंत ज्वलन होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते. या ज्वलनातून निघालेले इलेक्ट्रॉन जिवाणूच्या आवरणातल्या प्रथिनांच्या साखळीतून पुढे पुढे सरकतात. त्या जोरावर हायड्रोजनचे कण आवरणाबाहेर ढकलले जातात आणि तिथे साठतात. धरणात पाणी साठवून ते टर्बाइनमधून सोडले की वीज तयार होते. तसेच हे साठलेले कण एका सूक्ष्म चक्रातून परत आत येतात आणि ते चक्र फिरताना एटीपी तयार होते. ऊर्जेची ही यंत्रणा उलगडल्याबद्दल पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाला १९७८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे चक्र लक्षात ठेवा, पुढे टीबीच्या एका औषधाच्या संदर्भात ते पुन्हा येणार आहे.

*२. ऑक्सिजनऐवजी दुसरे काही वापरून.* ऑक्सिजन संपला तर काही जिवाणू नायट्रेटसारख्या पदार्थावर तेच काम चालवून घेतात. ऊर्जा थोडी कमी मिळते, पण काम अडत नाही.

*३. आंबवून.* यात साखर अर्धवटच मोडली जाते. ऊर्जा अगदी कमी मिळते. दह्यातले जिवाणू ग्लुकोजच्या एका रेणूमागे फक्त दोन एटीपी कमावतात, तर ऑक्सिजन वापरणारे जिवाणू त्याच रेणूतून दहापटीहून जास्त मिळवू शकतात. कमाई कमी म्हणून या जिवाणूंना खूप साखर मोडावी लागते आणि त्यामुळे आम्लही भरपूर तयार होते. विरजण लावलेले दूध काही तासांत आंबट आणि घट्ट होते ते यामुळेच. इडलीचे पीठ रात्रभरात फुगते तेही आंबवणाऱ्या जिवाणूंनी सोडलेल्या वायूमुळे.

यावरून जिवाणूंचे ढोबळ गट पडतात. काहींना ऑक्सिजन हवाच असतो, उदाहरणार्थ टीबीचा जिवाणू. काहींना ऑक्सिजन सोसतच नाही, उदाहरणार्थ धनुर्वाताचा. आणि काही दोन्हीकडे जमवून घेतात, उदाहरणार्थ लघवीच्या संसर्गात सर्वाधिक आढळणारा ई. कोलाय.

ही ऊर्जा खर्च कुठे होते?

सर्वात मोठा खर्च म्हणजे प्रथिने बनवणे. त्याशिवाय डीएनएची नक्कल काढणे, बाहेरची भिंत बांधणे, अन्न आत ओढणे, शेपटीसारखा धागा फिरवून पोहणे, या सगळ्याला ऊर्जा लागते. काही जिवाणू तर आत शिरलेले अँटिबायोटिक पंपाने बाहेर फेकतात. तो पंपही याच ऊर्जेवर चालतो.

हे सगळे सामान दुप्पट झाले की एका जिवाणूचे दोन होतात. जिवाणूची 'वाढ' म्हणजे मुख्यतः हेच, आकार वाढणे नव्हे, संख्या वाढणे.

एकाचे दहा लाख व्हायला किती वेळ लागतो?

नव्या जागी आलेला जिवाणू लगेच वाढायला लागत नाही. आधी तो तिथले अन्न, तापमान यांच्याशी जुळवून घेतो. मग दुपटीचा टप्पा सुरू होतो. ई. कोलायला भरपूर अन्न आणि आपल्या शरीराइतकी ऊब मिळाली, तर त्याची संख्या साधारण दर २० मिनिटांनी दुप्पट होऊ शकते. वीस वेळा दुप्पट झाली की एकाचे दहा लाखांहून जास्त होतात, आणि त्याला लागतात ६ तास ४० मिनिटे. पुढे अन्न संपते, स्वतःच तयार केलेले आम्ल बाधू लागते आणि वाढ थांबते.

याउलट टीबीच्या जिवाणूला एकदा दुप्पट व्हायला साधारण १८ ते २४ तास लागतात. ई. कोलाय जे काम सात तासांच्या आत उरकतो, त्याला टीबीच्या जिवाणूला दोन-तीन आठवडे लागतात.

शरीरात अर्थातच जिवाणूंना मोकळे रान नसते. पांढऱ्या पेशी त्यांना खातात. शिवाय शरीर त्यांचा एक महत्त्वाचा शिधा तोडते, तो म्हणजे लोह. जिवाणूंच्या ऊर्जा-साखळीला लोह लागते, म्हणून संसर्ग झाला की शरीर रक्तातले लोह साठ्यांमध्ये दडवून ठेवते. त्यामुळे ताप असताना केलेली लोहाची तपासणी फसवी ठरू शकते. रक्तातले लोह कमी आणि फेरिटिन वाढलेले दिसते. अशा रिपोर्टवरून स्वतःच निष्कर्ष काढू नका.

स्वयंपाकघरात याचा उपयोग

आपल्या आजी-पणजींनी अन्न टिकवण्याच्या ज्या पद्धती वापरल्या, त्या सगळ्या जिवाणूंची वाढ अडवण्याच्याच पद्धती आहेत. लोणच्यातले मीठ आणि मुरांब्यातली साखर जिवाणूंच्या वाट्याचे पाणी काढून घेते. पापड, कुरडया, सुकी मासळी वाळवल्यामुळे टिकते. पाणी नाही म्हणजे अन्न आत ओढणे नाही, आणि वाढही नाही.

घरी एवढे पाळा:

- शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू सर्वात सहज वाढतात, आणि आपल्या ओट्यावरचे तापमान बहुधा याच्या मधलेच असते.
- भाताची विशेष काळजी घ्या. तांदळावर असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात.
- "पुन्हा उकळले म्हणजे झाले" असे समजू नका. काही जिवाणूंचे विष उकळूनही नष्ट होत नाही.
- फ्रिजमध्ये जिवाणू मरत नाहीत, त्यांचा वेग फक्त कमी होतो. काही तर फ्रिजमध्येही हळूहळू वाढतात. म्हणून फ्रिजमधली भाजीही किती दिवसांची आहे ते पाहा.

दातांचेही असेच आहे. तोंडातले जिवाणू साखर आंबवून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दाताचे आवरण झिजवते. गोड खाल्ल्यावर साधारण अर्धा तास हा हल्ला चालतो. म्हणून मुलाने जेवणानंतर एकदा लाडू खाल्ला तर जितके नुकसान होते, त्यापेक्षा दिवसभर थोडे थोडे चॉकलेट चघळल्याने जास्त होते. किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, याला इथे जास्त महत्त्व आहे.

जखम: जिथे हवा नाही, तिथे धोका

"गंजलेला खिळा लागला, धनुर्वाताचे इंजेक्शन द्या," असे म्हणत अनेक जण येतात. धोका गंजाचा नसतो. माती, धूळ, शेण यांत धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते वर्षानुवर्षे झोपलेल्या अवस्थेत राहू शकतात. खिळा ते बीजाणू खोलवर नेतो. तिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, आणि नेमकी तीच जागा या जिवाणूला मानवते. तो जागा होतो आणि विष बनवतो. काटा, लाकडाची सल, कोयत्याची खोल जखम यांतही हेच होऊ शकते.

म्हणून जखम झाली तर:

- वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा.
- माती, राख, शेण, चुना, चहापावडर असे काहीही भरू नका. त्यातून जिवाणू आत जातात आणि जखम बंद होऊन हवाही अडते.
- शेवटचे धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले ते डॉक्टरांना सांगा. जखम कशी आहे आणि आधीचे डोस किती झाले आहेत, हे पाहून पुढचा डोस ठरतो.

मधुमेहींच्या पायाची जखम याच कारणाने चिघळते. रक्तपुरवठा कमी, म्हणून ऑक्सिजन कमी. साखर वाढलेली असल्यामुळे पांढऱ्या पेशीही नीट काम करत नाहीत. अशा जखमेत हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि दुर्गंधी येऊ लागते. मधुमेह्याच्या पायाला वास येणारी जखम असेल, तर ती घरगुती उपाय करत बसण्याची गोष्ट नाही. त्याच दिवशी दाखवा.

रिपोर्टमध्ये दिसतो तो जिवाणूंचा स्वयंपाकच

*लघवीतले नायट्राइट.* पालेभाज्या आणि इतर अन्नातून आलेले नायट्रेट लघवीतून बाहेर पडत असते. ई. कोलायसारखे जिवाणू ऑक्सिजनऐवजी ते नायट्रेट वापरतात आणि त्याचे नायट्राइट करतात. निरोगी लघवीत नायट्राइट सहसा नसते. म्हणून ते सापडले, तर आत कोणीतरी नायट्रेट वापरतो आहे, म्हणजे बहुधा जिवाणू आहेत, असा अर्थ निघतो. 'पॉझिटिव्ह' म्हणजे एवढेच. मूत्रपिंड खराब झाले असा त्याचा अर्थ नाही.

पण निगेटिव्ह आले म्हणजे संसर्ग नाही, असेही नाही. काही जिवाणूंना हे रूपांतर जमत नाही. शिवाय त्यासाठी लघवी साधारण चार तास मूत्राशयात राहावी लागते. दर अर्ध्या तासाने लघवीला जावे लागत असेल, तर नायट्राइट जमायला वेळच मिळत नाही. म्हणून सकाळची पहिली लघवी तपासणीला उत्तम.

*लघवीचे कल्चर.* इथे एका मिलिलिटरमध्ये १ लाखाहून जास्त जिवाणू वाढले, तर सहसा संसर्ग धरतात. आता २० मिनिटांचे गणित आठवा. बाटलीत चुकून पडलेले थोडे जिवाणूही उन्हात, गाडीच्या डिकीत काही तासांत प्रचंड वाढू शकतात. मग नसलेल्या संसर्गासाठी अँटिबायोटिक घ्यावे लागेल. म्हणून नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोहोचवा. ते शक्य नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा.

*ब्लड कल्चर.* रक्त बहुधा दोन बाटल्यांमध्ये घेतात. एक ऑक्सिजनवर जगणाऱ्या जिवाणूंसाठी, दुसरी त्याशिवाय जगणाऱ्यांसाठी. यंत्र सतत पाहत असते, की बाटलीत जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वाढतो आहे का. बरेच जिवाणू एक-दोन दिवसांत सापडतात, पण हळू वाढणाऱ्यांना संधी देण्यासाठी बाटली साधारण पाच दिवस ठेवतात. म्हणजे उशीर लॅबचा नसतो, जिवाणूच्या वाढीला वेळ द्यावा लागतो. शक्य असेल तेव्हा हे रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी घेतात, कारण औषधाने वाढ दबली तर काहीच सापडत नाही.

*टीबीचे कल्चर.* आधुनिक द्रव कल्चरमध्ये जिवाणू नळीतला ऑक्सिजन वापरू लागले की नळीतला एक पदार्थ चमकू लागतो. तरीही निगेटिव्ह म्हणायला ६ आठवडे थांबावे लागते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या तपासण्या मात्र जिवाणू वाढण्याची वाट न पाहता त्याचा डीएनए शोधतात, म्हणून काही तासांत उत्तर मिळते. पण मेलेल्या जिवाणूचा डीएनएही त्यांत सापडू शकतो. म्हणून उपचार लागू पडतो आहे का हे पाहायला त्या वापरत नाहीत.

अँटिबायोटिक नेमके कुठे वार करतात?

वाढीच्या प्रत्येक कामावर वार करणारी औषधे आहेत. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन भिंतीचे बांधकाम बिघडवतात. अझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन प्रथिने बनवण्याचे काम अडवतात. सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएची नक्कल थांबवते.

काही औषधे तर जिवाणूच्या ऊर्जा-पद्धतीवरच अवलंबून असतात. मेट्रोनिडॅझोल हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूच्या आत गेल्यावरच प्रभावी होते. उलट जेंटामायसिनला जिवाणूच्या आत शिरायला ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते, म्हणून हवेशिवाय जगणाऱ्यांवर ते चालत नाही. पोटातल्या गंभीर संसर्गात डॉक्टर दोन-तीन औषधे एकत्र देतात त्यामागे हे एक कारण असते.

आणि विषाणू? सर्दी, फ्लू, डेंग्यू यांच्या विषाणूंकडे स्वतःची ऊर्जा-यंत्रणाच नाही. त्यांना भिंत नाही, प्रथिने बनवण्याचा कारखाना नाही. ते आपल्या पेशींचे सामान वापरतात. जिथे वार करायचा ती जागाच नसेल, तर अँटिबायोटिक करणार काय? साध्या सर्दी-खोकल्यात डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले नाही, तर तो हलगर्जीपणा समजू नका.

आता टीबी: सहा महिने का?

वरच्या माहितीतला एक धागा इथे फार महत्त्वाचा आहे. बहुतेक अँटिबायोटिक वाढत असलेल्या जिवाणूंना मारतात. जो जिवाणू भिंत बांधतच नाही, त्याचे बांधकाम बिघडवणार कसे?

टीबीचे जिवाणू शरीरात एकाच अवस्थेत नसतात. फुप्फुसातल्या पोकळीत त्यांना भरपूर ऑक्सिजन मिळतो. तिथे ते कोट्यवधींच्या संख्येने वाढत असतात. खोकल्यातून बाहेर पडतात ते मुख्यतः हेच. आयसोनियाझिड यांना पहिल्या काही दिवसांतच मोठ्या प्रमाणात मारते. म्हणूनच तुम्हाला लवकर बरे वाटते.

पण काही जिवाणू घट्ट गाठींमध्ये असतात, जिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो. काही आपल्याच पांढऱ्या पेशींच्या आत, आम्लात बसलेले असतात. तिथे ते आपल्या पेशीतल्या चरबीवर गुजराण करतात. ऊर्जा वाचवण्यासाठी ते वाढ थांबवतात आणि जवळजवळ झोपी जातात. मेलेले नसतात, एवढेच. मधूनच एखादा थोडा वेळ जागा होतो, पुन्हा झोपतो.

या झोपलेल्यांसाठी वेगळी औषधे लागतात. पायराझिनामाइड आम्लाच्या वातावरणातल्या जिवाणूंवर काम करते. रिफाम्पिसिन थोडा वेळ जागे होणाऱ्यांना गाठते. म्हणून सुरुवातीचे दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे, रोज, असा सध्याचा नेहमीचा कोर्स आहे. पुढचे चार महिने म्हणजे एकेक जिवाणू जागा होण्याची वाट पाहत दारात उभे राहण्यासारखे आहे.

दोन महिन्यांनी औषध सोडले तर उरलेले जिवाणू काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जागे होतात आणि आजार उलटतो. दुसरा धोका त्याहून मोठा आहे. कोट्यवधी जिवाणूंमध्ये एखादा आपोआप असा बदललेला असतो, की एका औषधाला तो दाद देत नाही. चारही औषधे नियमित असतील तर उरलेली औषधे त्याला मारतात. औषधे कधी घेतली, कधी चुकवली, त्यातली एखादीच घेतली, तर नेमका तोच उरतो आणि वाढतो. मग तो औषधाला न जुमानणारा टीबी होतो आणि घरातल्या इतरांना होईल तोही तसाच.

सहा महिने जास्त वाटतात, पण हा कालावधी पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी आहे. रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड येण्यापूर्वी वर्ष-दीड वर्ष औषधे घ्यावी लागत.

औषधाला न जुमानणाऱ्या टीबीसाठी आता बेडाक्विलिन हे औषध आहे. सुरुवातीला सांगितलेले एटीपी बनवणारे चक्र आठवते? बेडाक्विलिन टीबीच्या जिवाणूचे नेमके तेच चक्र जाम करते. झोपलेल्या जिवाणूलाही जिवंत राहायला थोडे एटीपी लागतेच, त्यामुळे हे औषध त्यालाही गाठते. अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाल्यानंतर भारताच्या टीबी कार्यक्रमात ते २०१६ मध्ये आले. या औषधासोबत ईसीजी पाहावा लागतो. त्याच्याबरोबर दिले जाणारे लिनेझोलिड जास्त दिवस घेतल्यास पायांना मुंग्या येणे किंवा नजर कमी होणे असा त्रास होऊ शकतो. आपल्या पेशींमधली ऊर्जा-केंद्रे प्राचीन जिवाणूंपासूनच आलेली आहेत, म्हणून त्यांनाही या औषधाची थोडी झळ लागते. असे काही जाणवले तर लपवू नका, लगेच सांगा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*साखर किंवा जेवण बंद केले तर जिवाणू उपाशी मरतील का?*
नाही. तुम्ही उपाशी राहिलात तरी शरीर रक्तातली साखर ठरावीक पातळीवर राखते, आणि जिवाणू चरबी, प्रथिने यांवरही जगतात. उपाशी राहण्याने तुमच्या पांढऱ्या पेशी मात्र अशक्त होतात. टीबीच्या रुग्णाला तर डाळी, अंडी, दूध, शेंगदाणे असा पोटभर आहार हवा. निक्षय पोषण योजनेतून उपचारादरम्यान आहारासाठी दरमहा १००० रुपये मिळतात. त्यासाठी नोंदणी झाली आहे का, ते सरकारी दवाखान्यात विचारा. मधुमेह असेल तर साखर नियंत्रणात ठेवणे आवश्यकच आहे, पण ते जेवण सोडून नव्हे.

*अँटिबायोटिक चालू असताना दही-ताक चालते का?*
बहुतेक औषधांबरोबर चालते. पण डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि नीट शोषली जात नाहीत. ही औषधे घेताना दूध-दह्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवा.

*सगळेच जिवाणू वाईट का?*
मुळीच नाही. आतड्यातले जिवाणू आपल्याला न पचलेला चोथा आंबवतात. त्यातून तयार होणारी काही आम्ले मोठ्या आतड्याच्या पेशींचे अन्न असते. वाल, राजमा खाल्ल्यावर होणारा गॅस हा त्याच कामाचा धूर समजा. विनाकारण अँटिबायोटिक घेतले की हे उपयोगी जिवाणूही मरतात आणि जुलाब लागू शकतात.

*प्रत्येक अँटिबायोटिक टीबीसारखेच महिनोन् महिने घ्यायचे का?*
नाही. वेगाने वाढणाऱ्या जिवाणूंच्या साध्या संसर्गात तीन, पाच, सात दिवस पुरतात. किती दिवस ते जिवाणू आणि जागा पाहून ठरते. डॉक्टरांनी सांगितले तितकेच घ्या, कमी नको आणि जास्तही नको. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, शेजाऱ्यालाही देऊ नका.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

- तापाबरोबर धाप, ग्लानी, बडबड, किंवा लघवी खूप कमी होणे
- लघवीच्या त्रासाबरोबर थंडी वाजून ताप आणि कंबरेत दुखणे. गरोदरपणात तर लघवीची साधी जळजळही लगेच दाखवा.
- जबडा आवळणे, गिळता न येणे, जखमेनंतर अंग ताठणे
- जखमेभोवती वेगाने वाढणारी सूज, काळेपणा, दुर्गंधी
- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त
- टीबीची औषधे चालू असताना उलट्या, डोळे पिवळे होणे, नजर अंधूक होणे. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी दिसणे मात्र अपेक्षित आहे, त्याला घाबरू नका.

औषधाचा त्रास होत असेल तर ते परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना सांगा. डोस किंवा औषध बदलता येते. टीबीच्या उपचारात एखाद्या दिवशी कंटाळा आला, तर एवढेच आठवा: तुमचा ताप गेला आहे, पण गाठीत झोपलेल्या जिवाणूची झोप अजून मोडलेली नाही. तो जागा होईल तेव्हा औषध रक्तात असायला हवे.

*ही माहिती सर्वसाधारण समज वाढवण्यासाठी आहे. स्वतःच्या आजाराचे निदान आणि औषधे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा.*